आवक क्रमांक बाजूला ठेवा, मुदत बघा

सोमवारी सकाळी नाशिक पोलिसांच्या तांत्रिक तपास युनिटच्या टेबलावर साधारण असा ऐवज येऊन पडतो: सातपूरच्या एका दुकानाचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र), पंचवटीतून शुक्रवारी संध्याकाळी जप्त केलेले दोन मोबाईल, अंबडच्या कारखान्यातला लॅपटॉप, एक पेन ड्राइव्ह, आणि एका द्राक्ष निर्यातदाराच्या ईमेल फसवणुकीचं पत्र. बारनिशीत सगळ्यांना ओळीनं आवक क्रमांक पडतात. क्रमांक पडला की काम त्याच क्रमानं होणार असं प्रत्येक पोलीस ठाणं गृहीत धरतं, आणि ‘साहेब, आमचं आधी आलंय’ हा फोन दुपारपर्यंत दोन-तीनदा येतोच.

डिजिटल पुराव्यात ही सवय नडते. पेन ड्राइव्ह सहा महिने कपाटात पडून राहिला तरी त्याचं फारसं काही बिघडत नाही. मोबाईलांतला पुरावा हाती लागण्याची मुदत मात्र त्याच संध्याकाळी संपते. दुकानाचा डीव्हीआर निदान ताब्यात आहे. त्याच गल्लीतल्या इतर दुकानांचे डीव्हीआर अजून भिंतीवर चालू आहेत आणि जुनं पुसून नवं लिहीत आहेत. त्यांना तर आवक क्रमांकच नाही.

म्हणून युनिट प्रमुखानं बारनिशीशेजारी दुसरा एक तक्ता ठेवावा. त्यात गुन्हा रजिस्टर नंबर, वस्तू, आणि ‘मुदत कधी संपते’ हा रकाना. रोज सकाळी कामाचं वाटप या रकान्यावरून करायचं. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, किती लायसन्स घ्यायची, हे प्रश्न त्यानंतरचे. महागातलं यंत्र घेऊनही मोबाईल उघडत नाही याचं कारण बऱ्याचदा यंत्रात नसतं, तो मोबाईल टेबलापर्यंत कसा आणि किती वेळात आला यात असतं.

मोबाईलचंच घ्या. हल्लीच्या अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये सगळा डेटा एन्क्रिप्ट असतो. फोन चालू केल्यावर मालकानं एकदा तरी पासकोड टाकला असेल, तर स्क्रीन पुन्हा लॉक झाली तरी बऱ्याच डेटाच्या किल्ल्या मेमरीत असतात. या अवस्थेला आमच्याकडे एएफयू (आफ्टर फर्स्ट अनलॉक) म्हणतात. फोन बंद करून चालू केला आणि पासकोड टाकलाच नाही तर तो बीएफयू (बिफोर फर्स्ट अनलॉक). मग किल्ल्या मेमरीत नसतात आणि यंत्राला फार थोडं मिळतं. त्यामुळे ‘फोन स्विच ऑफ करून पाकिटात सीलबंद केला’ हे पंचनाम्यातलं जुनं वाक्य आता पुराव्यावर पाणी सोडणारं ठरतं. त्यात भर म्हणजे आयफोनमध्ये आयओएस १८.१ पासून, लॉक अवस्थेत ७२ तास पडून राहिला तर फोन आपोआप रीस्टार्ट होतो. अँड्रॉइडमध्येही २०२५ पासून गुगल प्ले सर्व्हिसेसमधून तीन दिवसांची तशीच सोय येऊ लागली आहे. शुक्रवारी सहाला जप्त केलेला फोन शनिवार-रविवार मुद्देमाल खोलीत राहिला, तर सोमवारी सहाच्या सुमारास तो बीएफयू झालेला असेल. मुद्देमाल कारकुनाची यात काही चूक नाही. त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पोलीस ठाण्यांना द्यायची सूचना अर्ध्या पानात मावली पाहिजे, नाहीतर ती कुणी वाचत नाही. फोन चालू असेल तर चालूच ठेवा, बंद असेल तर चालू करू नका. उघडा असेल तर स्क्रीन लॉक होऊ देऊ नका, सेटिंगमध्ये स्क्रीनची वेळ वाढवा, आणि हे केल्याचं पंचनाम्यात लिहा. एअरप्लेन मोड लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. अनेक फोनमध्ये एअरप्लेन मोड लावला तरी वायफाय आणि ब्लूटूथ चालूच राहतात. ती दोन्ही वेगळी बंद करायची. पासकोड मालकानं स्वतःहून सांगितला तर कुणी, किती वाजता, कुणासमोर सांगितला ते लिहा. सिमला पिन असेल तर अंदाजानं टाकू नका: तीन चुकांनंतर पीयूके (सिम उघडायचा कोड) मागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं.

फॅरेडे पिशवीबद्दल, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या पिशवीबद्दल, थोडं जास्त सांगतो, कारण ती असूनही काम बिघडतं. पिशवीत गेलेला फोन नेटवर्क शोधण्यासाठी जोर लावत राहतो आणि बॅटरी नेहमीपेक्षा लवकर संपते. बॅटरी संपली म्हणजे फोन बंद झाला, म्हणजे बीएफयू. म्हणून पॉवर बँक जोडूनच फोन पिशवीत ठेवायचा, आणि ती पॉवर बँक पिशवीच्या आत. बाहेरच्या चार्जरची वायर पिशवीच्या तोंडातून आत नेली तर तीच वायर अँटेनाचं काम करते आणि पिशवीचा उपयोग संपतो. पिशव्या घड्या पडून पडून आतून फाटतात, त्यामुळे दर महिन्याला तपासायच्या. तपासताना आपला फोन आत टाकून त्यावर रिंग द्यायची. जप्त फोनवर रिंग देऊन बघणारे महाभाग असतात. मग त्या फोनच्या कॉल यादीत पोलिसांचाच मिस्ड कॉल पुरावा म्हणून बसतो.

फोनसोबत येणारं पत्र हा दुसरा दुखरा भाग. ‘सदर मोबाईलमधील संपूर्ण डेटा काढून मिळावा’ हे पत्र परत पाठवायचं धाडस प्रमुखात हवं. २५६ जीबीच्या फोनमधून लाखभर फोटो, हजारो चॅट आणि स्थानाच्या नोंदी निघतात. ते सगळं पेन ड्राइव्हवर दिलं तर तपास अधिकारी ते उघडूनही बघत नाही, आणि ज्या लोकांचा गुन्ह्याशी काही संबंध नाही त्यांचं खासगी आयुष्य विनाकारण कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतं. पत्रात चार गोष्टी मागायच्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणाकोणाचे नंबर, कोणतं अॅप, आणि सिद्ध काय करायचंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर तपास अधिकाऱ्याला समोर बसवून दहा मिनिटं बोलावं; त्या दहा मिनिटांत विश्लेषकाचे दोन दिवस वाचतात. लहान मुलांसंबंधीचं किंवा महिलांचं खासगी चित्रण निघालं तर त्याची प्रत पेन ड्राइव्हवर कुणालाच जाणार नाही, बघायचं तर युनिटमध्ये येऊन बघायचं. या नियमाला अपवाद नको, वरिष्ठांसाठीही नको.

आता डीव्हीआर. यात सगळं सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त गफलती इथेच होतात. आधी हिशेब बघा. आठ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस (मेगाबिट), म्हणजे एकूण १६ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २ एमबी, म्हणजे दिवसाला सुमारे १७३ जीबी. एक टीबीची हार्ड डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागते. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवणारी पद्धत) असेल आणि दर निम्मा असेल तर अकरा-बारा दिवस. दुकानदार ‘महिनाभराचं असतं साहेब’ म्हणतो ते डीव्हीआर लावणाऱ्यानं त्याला सांगितलेलं असतं. त्यावर विसंबू नका. गुन्हा दाखल होताच घटनास्थळापासून जाण्यायेण्याच्या वाटेवरचे कॅमेरे मोजायला एक माणूस पाठवा, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक डीव्हीआरमध्ये सर्वात जुनं रेकॉर्डिंग कधीचं आहे ते लिहून आणा. मुदतीच्या तक्त्यात ती तारीख जाते.

मग घड्याळ. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ सहसा जुळत नाही. आतली बॅटरी मेली असेल तर वीज गेल्यावर घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षावर जातं. टाइम झोन चीनचा राहिला असेल तर घड्याळ बरोबर अडीच तास पुढे असतं. पद्धत अशी: डीव्हीआरचा पडदा आणि नेटवर्कवरून वेळ घेणारा मोबाईल एकाच फोटोत घ्या, सेकंद दिसले पाहिजेत. समजा डीव्हीआर ११:४२:१० दाखवतो आणि खरी वेळ ११:२८:४० आहे. म्हणजे तो १३ मिनिटं ३० सेकंद पुढे आहे. घटना रात्री ९:१५ ची असेल तर शोधायचं ९:२८:३० ला. फरक वजा करायचा की मिळवायचा यात घाईत उलट होतं, म्हणून पंचनाम्यात नुसता फरक न लिहिता हे उदाहरणासकट लिहा. आणि डीव्हीआरचं घड्याळ ‘दुरुस्त’ करू नका. ते चुकीचं आहे हाच पुराव्याचा भाग आहे.

रेकॉर्डिंग काढताना मूळ स्वरूपात काढा आणि त्याच कंपनीचा प्लेअर सोबत घ्या. पडद्यासमोर मोबाईल धरून केलेलं चित्रीकरण माग काढायला ठीक, न्यायालयात नाही. हार्ड डिस्कच जप्त करायची असेल तर आधी रेकॉर्डिंग थांबवा, मेनूतून डीव्हीआर रीतसर बंद करा, मग डिस्क काढून तिचा सीरियल नंबर लिहा. ही डिस्क राइट ब्लॉकरशिवाय (डिस्कवर काही लिहू न देणारं साधन) विंडोजच्या संगणकाला लावली की विंडोजला तिची रचना ओळखता येत नाही आणि तो ‘इनिशियलाइज’ करायचं का विचारतो. थकलेल्या माणसाचं बोट ‘ओके’वर जातं. पुरावा बिघडायला एवढंच पुरेसं असतं.

इमेल फसवणुकीच्या पत्राकडे वळू. तपास इथे आयपी पत्त्यावर येतो आणि तिथे बहुतेक वेळा घड्याळच आडवं येतं. ईमेल कंपन्या आणि समाजमाध्यमं वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) देतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १४ तारखेचे यूटीसी १९:१० म्हणजे आपल्याकडे १५ तारखेचे ००:४०, तारीखच बदलते. एकानं बदल केला, दुसऱ्यानं तो केलेला नाही असं समजून पुन्हा केला, की साडेपाच तासांचा घोळ होतो आणि भलत्याच माणसाच्या दारात पथक जाऊन उभं राहतं. तक्त्यात दोन रकाने कायम ठेवा, मूळ यूटीसी आणि भारतीय वेळ. मूळ रकाना कधीही पुसू नका.

शिवाय मोबाईल इंटरनेटवर एकाच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे एका वेळी शेकडो ग्राहक असू शकतात. नुसता पत्ता आणि वेळ पाठवली तर दूरसंचार कंपनी भली मोठी यादी पाठवते किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणते. सोर्स पोर्ट (त्या जोडणीला ग्राहकाच्या बाजूनं मिळालेला क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ दिली तर एक नाव येतं. म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ईमेल कंपनीला पत्र लिहितानाच पोर्ट मागायचा, नंतर आठवण होऊन उपयोग नाही. इथेही मुदती आहेत. दूरसंचार परवान्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर कॉल आणि इंटरनेटच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. कारखान्याच्या सर्व्हरवरचे लॉग मात्र बहुतेक वेळा कुणी ठेवतच नाही. अंबडच्या त्या लॅपटॉपसोबत राउटर आणि फायरवॉलचे लॉग आले नसतील तर त्याच दिवशी माणूस पाठवा.

आर्थिक फसवणुकीचं टेबल प्रयोगशाळेच्या कामापासून वेगळंच ठेवा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार आली की पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी होल्ड लागला पाहिजे, आणि तिथे मुदत मिनिटांत असते. तिथला माणूस दुसऱ्या कामाला लावायचा नाही. तक्रारदाराकडून स्क्रीनशॉटपेक्षा व्यवहार क्रमांक महत्त्वाचा: यूपीआयचा १२ अंकी, एनईएफटीचा १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी. अंक मोजून घ्या. एक अंक गळाला की बँक तक्रार परत पाठवते आणि अर्धा तास जातो.

लॅपटॉप चालू अवस्थेत सापडला तर प्लग ओढण्याआधी दोन गोष्टी: रॅमची प्रत, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप) चालू आहे का ते बघणं. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की तिथेच काढून घ्या. बंद केल्यावर ती मिळवायला महिने जातात. एक टीबी हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, सेकंदाला १०० एमबी वेगानं पावणेतीन तासांत होते आणि पडताळणीला तितकाच वेळ जातो. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला लावली तर नुसत्या इमेजलाच नऊ तास. एसएसडी असेल तर पुसलेल्या फायलींची फार आशा धरू नका आणि ती उगाच वीज देऊन चालू ठेवू नका. पुसलेली जागा मोकळी करायची ‘ट्रिम’ आज्ञा आधीच गेलेली असेल तर राइट ब्लॉकर लावलेला असतानाही ती आतल्या आत सफाई करत राहू शकते.

हॅशबद्दल, म्हणजे फाइलवरून गणितानं निघणाऱ्या ठशाबद्दल, एक गैरसमज न्यायालयात महागात पडतो. डिस्कच्या इमेजचा हॅश पुन्हा काढला तर तोच यायला हवा. मोबाईलचं तसं नाही. फोन चालू असतो, त्यातल्या फायली क्षणोक्षणी बदलतात, त्यामुळे त्याच फोनचा डेटा दुसऱ्यांदा काढला की हॅश वेगळा येणारच. आपण हॅश फोनचा देत नाही, काढलेल्या फाइलचा देतो, हे अहवालात एका वाक्यात आधीच लिहून ठेवा. नाहीतर बचावपक्षाचे वकील उलटतपासणीत नेमकं तेच विचारतात आणि हवालदार गोंधळतो. एसएचए-२५६ चा हॅश ६४ अक्षरांचा असतो; तो हातानं पंचनाम्यात उतरवू नका. छापून परिशिष्ट जोडा, पंचांच्या सह्या त्या कागदावर घ्या.

डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि त्यातल्या नमुन्याचे दोन भाग आहेत: ‘अ’ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाचा. दुकानाच्या डीव्हीआरचा ‘अ’ भाग दुकानदार देणार, पोलीस नव्हे. दुकानदाराची सही रेकॉर्डिंग घेतानाच घ्यायची. सहा महिन्यांनी तो गाळा सोडून गेलेला असतो. प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब खाली स्पष्ट केलं. तो वाद आपल्याच जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा होता, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली झडती-जप्तीचं चित्रीकरण, आणि कलम १९३ खाली दोषारोपपत्रात डिजिटल उपकरण कोणाकोणाच्या ताब्यात होतं त्याचा क्रम, या दोन्ही गोष्टी आता कायद्यानंच मागितल्या आहेत. क्रमाच्या नोंदीत सगळ्यात जास्त गाळलेली ओळ म्हणजे ‘मुद्देमाल खोलीतून युनिटकडे कोणी नेला’. नेणाऱ्या शिपायाचं नाव, बक्कल नंबर, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ, एवढं पुरे.

आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्राची ६० किंवा ९० दिवसांची मुदतही तक्त्यात हवी. नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे काय पाठवायचं आणि युनिटमध्ये काय करायचं, हे त्यावरून ठरवा. युनिटचा प्राथमिक अहवाल तपासाला दिशा देतो. तज्ज्ञाचं मत म्हणून उभं राहायचं काम प्रयोगशाळेचं. सगळंच प्रयोगशाळेकडे ढकललं तर तिथेही आवक क्रमांकच लागतो.

अहवालाच्या भाषेवर प्रमुखानं स्वतः लाल पेन चालवावं. ‘आरोपी रात्री साडेनऊला रामकुंडावर होता’ असं सीडीआर (कंपनीकडची कॉलची नोंद) कधीच सांगत नाही. अमुक सिम असलेला हँडसेट अमुक टॉवरच्या अमुक सेक्टरवर (एका दिशेच्या भागावर) होता, एवढंच तो सांगतो. पंचवटीत उभ्या असलेल्या फोनला नदीपलीकडच्या टॉवरचा सेक्टर मिळू शकतो, गर्दीच्या दिवशी तर हमखास. शंका असेल तर त्या जागी जाऊन प्रत्येक कंपनीच्या फोनला कोणता सेल आयडी मिळतो ते मोजून घ्यावं.

२०२७ च्या सिंहस्थात याच गोष्टीचा त्रास होणार आहे. तपोवन, रामकुंड, त्र्यंबकेश्वर या भागांत गर्दीसाठी कंपन्या तात्पुरते, चाकांवरचे टॉवर उभे करतात आणि पर्वणी झाली की हलवतात. आजच्या सेल आयडी चार्टमध्ये ते नसतील आणि सहा महिन्यांनंतरच्या चार्टमध्येही नसतील. तेव्हा प्रत्येक कंपनीकडून तात्पुरत्या टॉवरांची यादी मागून घ्यायची: सेल आयडी, अक्षांश-रेखांश, दिशा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. पर्वणीच्या आधी एकदा आणि टॉवर उतरवल्यावर एकदा, सहीशिक्क्यासह. पत्रांचा मसुदा आत्ताच करून ठेवा, प्रत्येक कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याच्या नावे वेगळा.